हौशी भिडूला विचारतो कोण?

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा जगातला पहिला ट्रेडिंग कार्ड गेम. मार्क रोझवॉटर हे त्याचे मुख्य डिझायनर, १९९५पासून तो काढणाऱ्या कंपनीत आहेत. आपल्या चाहत्यांना त्यांनी एकदा एक गोष्ट सांगितली, आणि ती पचवायला अनेकांना जड गेली. टेबलावर बसून मॅजिक खेळणाऱ्यांपैकी पाऊण हिश्श्याहून अधिक लोकांना ‘फॉरमॅट’ (कोणती कार्डं चालतील हे ठरवणारे खेळाचे प्रकार) म्हणजे काय ते माहीत नसतं. खोक्यांवर ज्यांची चित्रं छापलेली असतात त्या प्लेन्सवॉकर नावाच्या पात्रांचा त्यांना पत्ता नसतो. खेळाबद्दल कुठे काय लिहिलं-बोललं जातं ते त्यांच्या कानावर येत नाही. आणि रोझवॉटर कोण, हेही त्यांना ठाऊक नसतं. स्वयंपाकघरातलं जेवणाचं टेबल आवरायचं, चार दोस्त बसवायचे, असतील ती कार्डं घेऊन खेळायचं आणि मग झोपायला जायचं. कंपनीचा हा सगळ्यात मोठा ग्राहक. कोणत्याही स्पर्धेत त्याचं नाव नसतं, तेव्हा नोंदही कुठे नसते. गेल्या तीस वर्षांत या खेळाचे जे जे मोठे निर्णय झाले, त्यातल्या फार थोड्यांत त्याला कोणी विचारलं.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगायला हवं. आपल्या घरातला पत्त्यांचा कॅट बावन्न पानांचा. मेंढीकोट असो, झब्बू असो की बदाम सात, पानं पिसून वाटली की कोणाच्या हातात काय येईल ते नशीब. श्रीमंत काकाला दोन एक्के जास्त मिळत नाहीत. मॅजिकमध्ये प्रत्येक भिडू स्वतःचा कॅट, म्हणजे ‘डेक’, घरून बांधून आणतो. हजारो वेगवेगळ्या कार्डांतून आपल्याला हवी ती निवडायची. ती मिळवायची कशी, तर बंद पाकिटं विकत घेऊन, दोस्तांशी अदलाबदल करून, नाहीतर दुकानातून एकेक सुटं कार्ड घेऊन. पाकिटात काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. बरीच साधी, काही बरी आणि एखादं दुर्मीळ, असा हिशेब. म्हणजे डाव सुरू होण्याआधीच खिशाचा एक डाव होऊन गेलेला असतो. या छंदातली जवळपास सगळी भांडणं इथून निघतात.

खेळ काढणारे रिचर्ड गारफील्ड गणिताचे डॉक्टर. वडील वास्तुविशारद, त्यांच्या कामामुळे गारफील्ड यांच्या लहानपणीची काही वर्षं आजच्या बांगलादेशात आणि नेपाळमध्ये गेली. ते एक वेगळाच बोर्ड गेम घेऊन पीटर अ‍ॅडकिसन यांच्याकडे गेले होते. अ‍ॅडकिसन यांची विझर्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी तेव्हा अगदी छोटी होती, तो खेळ छापण्याची तिची ऐपत नव्हती. त्यांनी उलट मागणी केली: संमेलनांत लोक दोन मोठ्या खेळांच्या मध्ये रांगेत ताटकळत उभे असतात, त्या वेळात खेळता येईल असं काही द्या, खिशात मावणारं, पटकन संपणारं. म्हणजे मॅजिकचा जन्मच मुळी फावल्या वेळासाठी झाला. आज कार्डांचे डबे तिजोरीत ठेवणारे लोक पाहिले की हे आठवतं आणि हसू येतं.

१९९३च्या उन्हाळ्यात पहिली आवृत्ती निघाली, २६ लाख कार्डांची. बघता बघता ती संपली. साध्या बोर्ड गेमवर माणूस जेवढे पैसे घालतो तेवढेच इथेही घालेल, असा गारफील्ड यांचा अंदाज होता. एका मित्रमंडळात जबरदस्त कार्डं दोन-चारच असतील, आणि कोणाचा डेक फारच अंगावर येऊ लागला तर बाकीचे त्याला सरळ करतील. एका डेकमध्ये एकाच कार्डाच्या प्रती किती, यावरही सुरुवातीला बंधन नव्हतं. मंडळींनी आपापसात बघून घ्यायचं. हा भरवसा फार काळ टिकला नाही. स्पर्धा आल्या, त्यांच्याबरोबर ‘एका कार्डाच्या चारच प्रती’ हा नियम आला आणि बंदीची यादी आली. १९९४मध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली, फेब्रुवारी १९९६मध्ये न्यूयॉर्कला पहिली प्रो टूर भरली. स्पर्धेत निकाल असतो, आकडेवारी असते, कुठला डेक किती वेळा जिंकला ते मोजता येतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोण हरलं याची नोंद ठेवतो कोण? साहजिकच जे मोजता आलं त्याचं ऐकलं गेलं.

कंपनीला साधा भिडू माहीतच नव्हता, असं मात्र म्हणता येणार नाही. खेळ घडवणाऱ्यांनी आपसात बोलण्यासाठी तीन काल्पनिक भिडू ठरवले होते, त्यांच्यावर रोझवॉटर यांनी २००२मध्ये सविस्तर लिहिलं. टिमीला मोठा राक्षस टेबलावर आपटण्यात मजा वाटते. जॉनीला कोणाला न सुचलेली जुळणी करून दाखवायची असते. स्पाइकला जिंकायचं असतं. कार्डं तिघांसाठीही छापली जातात. बंदी कशावर घालायची हा प्रश्न आला, की वर्षानुवर्षं ऐकलं गेलं ते स्पाइकचं.

टिमी आणि जॉनीने शेवटी आपला वेगळा संसार मांडला, तोही कंपनीला न विचारता. नव्वदच्या दशकात अलास्कात अ‍ॅडम स्टेली आणि त्याच्या मित्रांनी एक घरगुती प्रकार काढला. डेक शंभर कार्डांचा, एक कार्ड एकदाच, आणि सरदार म्हणून १९९४च्या ‘लेजंड्स’ संचातल्या पाच म्हाताऱ्या ड्रॅगनांपैकी एक. त्यावरून नाव पडलं ‘एल्डर ड्रॅगन हायलँडर’. अमेरिकी हवाई दलातले शेल्डन मेनरी त्या काळात अलास्कात होते. ते मॅजिकचे वरच्या दर्जाचे पंच. त्यांना हा प्रकार आवडला, त्यांनी नियम घासूनपुसून घेतले आणि तो पंचमंडळींत नेला. दिवसभर स्पर्धेतली भांडणं सोडवून थकलेले पंच रात्री हॉटेलात हा खेळ मांडून बसू लागले. दोघांऐवजी चौघे, वीसऐवजी चाळीस प्राण, लांबलेला डाव, गप्पा, तह, दगाबाजी. स्पर्धेचा कारभार ज्यांच्या हाती होता तेच रात्री स्पर्धेला कंटाळून इथे आले, यातली गंमत मला फार आवडते.

मेनरी आणि त्यांच्या सोबत्यांची एक नियम समिती झाली. पगार नाही, मानधन नाही. बंदीची यादी त्यांनी लहानच ठेवली आणि बाकीचं टेबलावर सोपवलं. याला भिडू ‘रूल झिरो’ म्हणतात: डाव मांडण्याआधी चौघांनी बोलून घ्यावं, आपल्याला कसला खेळ हवा आहे, काय चालेल, काय नाही. गारफील्ड यांचा जुना भरवसाच इथे परत आला म्हणायचा.

कागदावर हे छान वाटतं. टेबलावर काय होतं ते बघा. दुकानात चार अनोळखी माणसं समोरासमोर बसतात. एक विचारतो, तुझा डेक दहापैकी किती ताकदीचा? उत्तर येतं, सात. दुसऱ्याचाही सात, तिसऱ्याचाही सातच. पाच म्हणावं तर आपला डेक गचाळ ठरतो, नऊ म्हणावं तर सगळे मिळून आधी आपल्यावर तुटून पडतील. ‘सगळ्यांचे डेक सात असतात’ हा या खेळातला सगळ्यात जुना विनोद आहे. त्यातून हौशी म्हणवणारे सगळे काही साधुसंत नव्हेत. ज्या कार्डाने आपण हरलो ते कार्ड ‘हौशी खेळाला शोभत नाही’, असं म्हणणारे रडीचा डाव खेळणारे इथेही पैशाला पासरी. लाजाळू माणूस मात्र यात तोंडच उघडत नाही. त्याला दोन डाव वाईट अनुभव आला की तो तिसऱ्यांदा दुकानात दिसत नाही, आणि तो का आला नाही हे कोणाला कळतही नाही.

जून २०११मध्ये कंपनीने या खेळाचे पाच तयार डेक बाजारात आणले आणि नाव दिलं ‘कमांडर’. नियम समितीचेच राहिले, माल कंपनीचा. ही विचित्र भागीदारी तेरा वर्षं चालली. कमांडर एवढा पसरला की २०२० हे साल कंपनीने ‘कमांडरचं वर्ष’ म्हणून साजरं केलं, आणि २०२१मध्ये व्यावसायिक खेळाडूंची पगारी लीग गुंडाळायचं ठरवलं. प्रो टूर २०२३मध्ये परत आली खरी, पण तोवर खेळाचं वजन कुठल्या टेबलाकडे झुकलंय हे स्पष्ट झालं होतं.

साध्या भिडूचे दिवस आले म्हणावं, तर झालं भलतंच. पूर्वी कंपनी स्पर्धेसाठी कार्डं काढायची आणि हौशी मंडळी त्यातलं उरलंसुरलं घेऊन आपला डाव मांडायची. आता थेट त्यांच्यासाठीच जबरदस्त, दुर्मीळ, महागडी कार्डं निघू लागली. नोव्हेंबर २०२०मध्ये ‘ज्युवेल्ड लोटस’ आलं. त्याच्या जोडीला जुनं ‘माना क्रिप्ट’ होतंच. हे १९९५मधलं, कादंबरीतलं कुपन टपालाने पाठवलं की मिळायचं.

या दोन कार्डांनी टेबलावर काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. मॅजिकमध्ये खेळीचा खर्च ‘माना’ नावाच्या शक्तीत मोजतात. प्रत्येक पाळीला एक जमिनीचं कार्ड मांडता येतं, एक जमीन एक माना देते. म्हणजे पहिल्या पाळीला एक, दुसऱ्या पाळीला दोन, असं हळूहळू चढायचं. माना क्रिप्ट फुकट टाकता येतं आणि दर पाळीला दोन माना देतं. पहिल्याच पाळीला तुम्ही तिसऱ्या पाळीवर जाऊन बसता. दर पाळीच्या सुरुवातीला नाणं उडवायचं आणि हरलात तर तीन प्राण द्यायचे, एवढाच दंड. चाळीस प्राणांत तीन म्हणजे किरकोळ. ज्युवेल्ड लोटसही फुकट. ते मोडलं की तीन माना मिळतात, पण त्या फक्त आपला सरदार उतरवण्यासाठी. एक जमीन आणि एक लोटस असलं की चार मानांचा सरदार पहिल्या पाळीला मैदानात. समोरच्या तिघांनी तेव्हा जेमतेम एकेक जमीन मांडलेली असते. पुढचा तासभर ते तिघे खेळतात म्हणण्यापेक्षा बघतात. माना क्रिप्टचा भाव तेव्हा शंभर डॉलरच्या वर होता, लोटसचाही त्याच्या आसपास.

शेल्डन मेनरी कर्करोगाने ७ सप्टेंबर २०२३ला गेले. त्यांच्यामागे समितीत पाच जण राहिले. २३ सप्टेंबर २०२४च्या सोमवारी त्या पाच जणांनी चार कार्डांवर बंदी जाहीर केली: माना क्रिप्ट, ज्युवेल्ड लोटस, प्रतिस्पर्ध्यांच्या मालमत्तेवर स्वतःचा खजिना भरणारा ‘डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट’ आणि त्याच वर्षी जूनमध्ये आलेला ‘नाडू’ नावाचा पक्षी. पहिल्या तिघांबद्दलचं कारण साधं होतं. पहिल्या दोन-तीन पाळ्यांतच एकजण सुटून पळतो आणि साध्या टेबलांवरचा डाव नासतो. ‘सोल रिंग’ हे कार्डही पहिल्या पाळीला तसंच करतं, पण तयार डेकांमधून ते घरोघर पोचलेलं आणि खेळाची ओळख झालेलं म्हणून त्याला त्यांनी हात लावला नाही. तर्काला ते पटत नाही. माझ्या मते माणसांना मात्र ते पटण्यासारखं होतं: ज्याच्या-त्याच्याकडे आहे त्याने कोणावर अन्याय होत नाही.

मग आरडाओरडा झाला. शंभर-दीडशे डॉलर मोजून घेतलेल्या कार्डाची किंमत एका दिवसात कोसळली. छोट्या दुकानदारांचा साठ्यातला पैसा बुडाला. ही तक्रार खोटी नव्हती. माना क्रिप्ट आणि लोटस दोन्ही २०२३मध्येच नव्या पाकिटांतून परत आली होती, लोकांनी तीच निघावीत म्हणून महागडी पाकिटं फोडली होती, आणि वर्षभरात ती बाद झाली. आधी काही कुणकुण लागू द्यायला हवी होती, असं मलाही वाटतं. पण या ओरड्यात ‘माझा खेळ बिघडला’ म्हणणारे थोडे आणि ‘माझा पैसा गेला’ म्हणणारे फार. आणि ज्याच्यासाठी बंदी घातली तो लोटस न परवडणारा, दर डावाला पहिल्या पाळीलाच मागे पडणारा भिडू कुठे होता? तो कामावर गेला होता. त्याला बंदी झाल्याचं कदाचित दोन महिन्यांनी, पुढच्या डावाला कळलं असेल. समितीतल्या माणसांना धमक्या येऊ लागल्या. पुढच्याच सोमवारी, ३० सप्टेंबरला, त्यांनी कमांडरचा कारभार विझर्ड्सच्या स्वाधीन केला. साध्या भिडूच्या बाजूने घेतलेल्या सगळ्यात धीट निर्णयाने साध्या भिडूची समितीच संपवली.

पैसेवाल्याचा आवाज वरचढ ठरण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९९५मध्ये कंपनीने जुनी कार्डं ‘क्रॉनिकल्स’ या संचातून पुन्हा छापली. नव्या पोरांना आनंद झाला, संग्राहक खवळले. १९९६मध्ये कंपनीने एक यादी काढून वचन दिलं की ही कार्डं पुन्हा छापणार नाही. ‘ब्लॅक लोटस’ त्याच यादीतलं. ते वचन आजही पाळलं जातं. मग २०२२मध्ये, खेळाच्या तिशीनिमित्त, त्याच जुन्या कार्डांची चार पाकिटं ९९९ डॉलरला विकायला काढली. चार पाकिटांत साठ कार्डं, आणि पाठीची छपाई मुद्दाम वेगळी, म्हणजे अधिकृत स्पर्धेत ती चालणारही नाहीत. हजार डॉलरची नक्कल. त्यावर हौशी मंडळी एकदाची मोठ्याने बोलली, कारण कागदावर छापून काढलेली नक्कल ती वर्षानुवर्षं फुकटात वापरत होती.

पोकेमॉन या दुसऱ्या कार्डांच्या खेळात तर भिडूच गायब होत चालला आहे. मे २०२१मध्ये विस्कॉन्सिनमध्ये टार्गेट या दुकानसाखळीच्या एका दुकानाबाहेर खेळाडूंच्या कार्डांवरून मारामारी झाली, पिस्तूल निघालं आणि टार्गेटने काही काळ दुकानांतली, पोकेमॉनसकट, कार्डविक्रीच थांबवली. ऑगस्ट २०२५मध्ये जपानच्या मॅकडोनाल्ड्सने मुलांच्या जेवणाबरोबर पोकेमॉन कार्डं दिली. मोठ्या माणसांनी ढिगाने जेवणं घेतली, कार्डं काढून घेतली आणि न उघडलेलं अन्न टाकून दिलं. कंपनीला माफी मागावी लागली. ज्या पोरांसाठी ही कार्डं होती त्यांच्या बाजूने ओरडायला त्या रांगेत कोणीच नव्हतं.

साध्या भिडूची सोय जिथे झाली, तिथे ती पैशाचं भूत आधी उतरवून झाली. ‘पॉपर’ हा प्रकार घ्या. यात फक्त ‘कॉमन’ दर्जाची, म्हणजे सर्वांत सहज मिळणारी कार्डं चालतात. इटलीत आणि ब्राझीलमध्ये त्याचे भक्त आहेत. २०१९मध्ये कंपनीने त्याला अधिकृत दर्जा दिला आणि २०२२च्या जानेवारीत त्याच्या बंदीची यादी पाहायला खेळणाऱ्यांचंच एक छोटं पॅनेल नेमलं, अध्यक्ष कंपनीचे डिझायनर गॅव्हिन व्हर्हे. इथेही वाद होतात, पण बंदी आली म्हणून कोणाचं घर बसत नाही, तेव्हा वाद खेळाचा राहतो.

कमांडरसाठीही मग तोच मार्ग धरला. ऑक्टोबर २०२४मध्ये सतरा जणांचं पॅनेल जाहीर झालं. फेब्रुवारी २०२५मध्ये ‘सात’च्या विनोदावर तोडगा म्हणून डेकांच्या पाच पायऱ्या आल्या. डावाचा नूर पालटून टाकणाऱ्या चाळीस कार्डांची एक यादी केली. खालच्या दोन पायऱ्यांवर त्यातलं एकही नाही, तिसऱ्या पायरीवर जास्तीत जास्त तीन, त्यावर कितीही. लाजाळू माणसाला याचा उपयोग आहे. ‘मी दुसऱ्या पायरीवरचा’ म्हणायला धीर लागत नाही. एप्रिलमध्ये पाच जुन्या कार्डांवरची बंदी उठली. त्या पाचांत माना क्रिप्ट नव्हतं आणि लोटसही नव्हतं. पगारी माणसांनी बिनपगारी माणसांचा निर्णय कायम ठेवला.

आपल्याकडे हा छंद अजून मूठभरांचा. मुंबई-पुण्यात गट आहेत, पण परदेशी पाकीट काहीशे रुपयांना पडतं आणि आठवड्याला दोन घ्यायची म्हटली तरी घरात बोलणी बसतात. त्यामुळे आपले अनेक जण नक्कल कार्डांवर डाव मांडतात. साध्या कार्डापुढे छापील कागद ठेवायचा आणि दोन्ही एका प्लास्टिकच्या पाकिटात सरकवायचे. घरगुती खेळासाठी केलेल्या अशा कागदांना कंपनीचीही हरकत नाही, अधिकृत स्पर्धेत मात्र ते चालत नाहीत. आणि शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी नकली पोकेमॉन कार्डं? ती घेणाऱ्या पोरांना मूळ नियम कोणी सांगितलेलेच नसतात. ती कार्डावरचा एचपीचा, म्हणजे प्राणांचा, आकडा बघतात, ज्याचा मोठा त्याने समोरच्याचं कार्ड उचलायचं. मधल्या सुट्टीत वाद होतो, नवा नियम ठरतो, घंटा होते. जगातल्या कोणत्याही कंपनीच्या पाहणीत ही पोरं सापडायची नाहीत.

माझा आक्षेप पॅनेलला नाही, त्यातल्या निवडीला आहे. सतरा जणांत खेळाच्या चित्रफिती करणारे आहेत, त्यावर लिहिणारे आहेत, जुने पंच आहेत. माणसं चांगली आहेत, अभ्यासू आहेत. पण ती निवडली गेली ती मुळात त्यांचा आवाज आधीच ऐकू येत होता म्हणून. ज्याचा येत नाही असा माणूस शोधून काढता येत नाही. त्याला चिठ्ठी टाकूनच उचलावं लागेल. नवा संच आला की जगभरच्या दुकानांत पहिल्या आठवड्यात खेळ मांडतात, तिथे आलेल्यांची नोंद कंपनीकडे असते. त्यातून दरवर्षी दोन नावं काढावीत, ज्यांच्यामागे प्रेक्षक नाहीत आणि ज्यांचं दुकान नाही अशी. त्यांना प्रवासखर्च द्यावा आणि बंदीची यादी ठरताना त्यांचंही एक मत धरावं. सतराच्या एकोणीस खुर्च्या झाल्याने विझर्ड्सचं काही बिघडणार नाही.